चार महिन्यांचा मालक

एकोणीस वर्षं दुसऱ्याची गाडी
स्वतःची असल्यासारखी पुसली.
आता स्वतःची आहे
तर फडकं हातात घेऊन उभा राहतो,
कुणाला तरी विचारावंसं वाटतं.

पेठ रोडच्या आरटीओत तीन खेपा फुकट गेल्या,
चौथ्या खेपेला काम झालं.
मालकाच्या रकान्यात: दौलत किसन पगार.
एजंट हसला. म्हणाला, आडनाव पगार
आणि पगार सोडून निघालात?
मीही हसलो.
त्याच कार्डावर बँकेचं नाव होतं,
माझ्याहून लांबलचक.

आयशर, सहा चाकी, चौदा वर्षांची.
मालेगावच्या गनीभाईंनी चावी देताना सांगितलं,
तिसरा गिअर रुसतो तिचा. ओढायचं नाही.
जरा थांबायचं, मग आपणहून पडतो.
मागच्या फळीवर त्यांच्या लेकीचं नाव, हिरव्या रंगात: नाझनीन.
द्वारकेजवळच्या पेंटरनं डबा उघडला,
हे खोडू ना? वर काय लिहू?
शैला म्हणाली, पोरीचं नाव कुणी खोडतं का,
त्यापेक्षा ते दीडशे रुपये डिझेलला होतील.

जानेवारी. मोहाडीच्या पॅकिंग शेडमध्ये
बायका कानाला रुमाल बांधून
कात्रीनं घडातला एकेक खराब मणी काढतात.
चांगल्या मण्यावर एक पांढुरकी झाक असते,
आरशावर श्वास सोडल्यासारखी.
बोट लागलं की गेली, परत येत नाही.
तेवढी झाक सांभाळत
मी कसारा उतरायचा
आणि उजाडायच्या आत वाशी गाठायची.
भाडं त्या झाकेचं आहे, द्राक्षांचं कोण देतो.

पहिल्याच दिवशी हमाल ओरडला,
मालक, गाडी मागं घ्या!
मी मागं वळून पाहिलं.
मागं फक्त पेट्या होत्या.

ड्रायव्हर होतो तेव्हा
गाडीखाली खडखड झाली
तर शेठना फोन लावायचो, आणि झोपायचो.
आता प्रत्येक आवाजाला भाव आहे.
ही पाट्यांची करकर, हा बेअरिंगचा घसा,
आणि हा जो नुसताच येतो, घोटीच्या टोलनंतर,
तो बहुतेक माझ्या छातीतला.
घाटात ब्रेकला पाय लावत नाही मी,
लायनर केवढ्याला बसतो ते मला पाठ आहे.

फेब्रुवारीत बावीस खेपा.
मार्चमध्ये टायर, आणि आडगावच्या टर्मिनलवर तीन दिवस
रिकामी गाडी, भाडं नाही,
शेजारच्या केबिनमधला कटनीचा पोरगा
स्टोव्हवर डाळ शिजवायचा, वाटीभर माझ्यासाठी ठेवायचा.
वाशीहून परतीला रिकाम्या पेट्या, कधी काहीच नाही.
हिशोबाची वही शैलाकडे.
एप्रिलच्या शेवटी तिनं ती मिटली
आणि चहा टाकला.
मी विचारलं, उरले?
म्हणाली, गाडी उरली.

मे संपता संपता फोन वाजला.
पडद्यावर नाव: मालक.
भुतडा शेठचा नंबर, बदलायचा राहून गेलेला.
म्हणाले, दौलत, द्राक्षं येईपर्यंत ये,
सिमेंटची गाडी रिकामी उभी आहे.
मी येतो म्हणालो. लाज वाटेल असं वाटलं होतं.
वाटली नाही फारशी.

नाझनीनची बॅटरी सोडवली, ताडपत्री घातली.
दर रविवारी जातो, वायर जोडतो,
दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो.
खाली झोपलेलं कुत्रं उठून
माझ्याकडे बघतं, पुन्हा झोपतं.

परवा सिन्नरच्या गोदामावर
हमाल ओरडला, ड्रायव्हर, गाडी मागं घे!
दोनदा ओरडला.
मी आपला केबिनमध्ये बसून,
कुणाला म्हणतोय हा,
म्हणून आरशात शोधत होतो.